ताशी चार लिटर

दायरच्या डोंगरात फोनला रेंज नाही,
म्हणून हे वहीत लिहितोय, मापांच्या मागच्या पानावर.
सोळा एमएम नळी, आठशे मीटर.
ड्रिपर ताशी चार लिटरचे.
एण्ड कॅप हव्यात बावीस, आहेत वीस.

जब्रानचं शेत म्हणजे दगडी पायऱ्यांची उतरंड.
एकेका पायरीवर दहा-बारा कॉफीची झाडं,
जास्त नाहीत.
माझ्या सावद्यात एवढ्या जागेत कुणी बैलही बांधणार नाही.
तो मात्र प्रत्येक झाडापाशी थांबतो, पान उलटून बघतो,
डोक्यावर रानतुळस आणि पिवळ्या फुलांचं कडं,
एकसष्ट वर्षांचा माणूस,
आमच्याकडे नवरदेवसुद्धा हल्ली इतका नटत नाही.

झाड गोंधळलंय, म्हणतो.
आणि फांदी वाकवून दाखवतो :
एका पेरावर फूल, पुढच्यावर हिरवी गोटी,
टोकाला लाल होऊन सुरकुतलेलं फळ.
पाऊस वेळ सांगून यायचा तेव्हा तोडा दोनदा व्हायचा.
आता सात वेळा.
त्याची बहीण सालिमा बोटांनीच ओळखते कुठलं पिकलं ते,
टोपलीकडे न बघता टाकते,
आणि पाऊस हा शब्द निघाला की
गाल आतून चावते.
गेल्या वर्षी एका दुपारी आला तो, तीन बांध घेऊन गेला.

ते दगड त्यांनी ओढ्यातून परत आणले. एकेक.
मी विचारलं, सिमेंट का नाही?
जब्रान म्हणाला, दगडाला पाणी सोडायचं कळतं.

पहिल्या आठवड्यात नळी अकरा ठिकाणी फुटली.
फुटली नव्हती, चावली होती.
बबून येतात पहाटे, घरंदाज, पोरंबाळं पाठीवर घेऊन,
आणि दाताने नळ उघडतात.
मी लोखंडी जाळीचा हिशेब मांडला.
जब्रानने खालच्या पायरीवर एक फुटकं घमेलं लिंपून घेतलं
आणि पाण्याने भरलं.
चावे तीनवर आले.
वहीत नोंद केली : माकडांचा हिस्सा, रोज साठ लिटर.
साहेब विचारतील. विचारू देत.

हे लोक कॉफीला बुन म्हणतात.
आमच्या गावच्या वाण्याकडे एका बरणीवर लिहिलेलं असायचं
बुंददाणे, आणि बरणी कायम रिकामी.
मी सांगितलं तसा जब्रान हसला,
म्हणाला, शब्द पोचला, माल वाटेत कुणी खाल्ला?
मग सालीचा काढा दिला, सुंठ घातलेला.
बी विकायची, साल घरी प्यायची.
हेही मला ओळखीचं वाटलं.

खालच्या चार पायऱ्यांवर पानांच्या कडा जळतात.
तिथे त्याने बोरीची सावली केली, हिरवी जाळी लावली,
आणि तरीही दरसाल थोडी रोपं
खांद्यावरच्या फडक्यात बांधून वर नेतो.
एक पायरी. कधी दोन.
वर किती उरल्यात?
नऊ.
त्यानंतर?
खडक, म्हणाला. मग ढग. तेही हल्ली उशिरा उठतात.
रोपाला फळ धरायला चार वर्षं,
मी मनात गुणाकार केला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळलं
की त्याने तो कधीच केलाय.
त्याची नात नौफ मात्र मोठ्याने मोजत होती,
रोपं, पायऱ्या नाही.

शुक्रवारी खाली बाजारात उतरलो की भावाला फोन.
केळीभोवती त्याने गवताचं कुंपण उभं केलंय, झळ अडवायला.
तिकडे झाडाला किती देता रे?
ताशी चार.
बस? आम्ही किती देतो माहितीय—
आणि कार्ड संपलं.

आज पहाटे व्हॉल्व्ह उघडला.
आधी नुसती हवा, मग गढूळ, मग
वरच्या पायरीवरून नौफची आरोळी : मोया!
एकेका झाडाखाली मापाचं भांडं धरून बसलो.
कुठे चार, कुठे साडेतीन. चालेल.
शेवटच्या दोन नळ्या उघड्याच होत्या.
दुमडून धरल्या, तार सापडेना.
जब्रानने डोक्यावरचं कडं उतरवलं,
दोरा ओढून काढला,
फुलं खिशात टाकली.
गाठ पक्की बसली आहे.

उद्या खालून आणायचं : दोन एण्ड कॅप.
आणि दोरा.